फोटो नको म्हणणारी

आमच्या शाळेत एखादी गोष्ट झाली असं मानायचं तर तिचा फोटो लागतो. झाड लावलं, फोटो. हात धुण्याचा दिवस, नळाखाली हात धरून उभी पोरं, फोटो. पालकसभेला मोजकी डोकी आली तर खुर्च्या एकमेकींना चिकटवून फोटो. त्यातही साधा चालत नाही. खाली तारीख, वेळ आणि जागेचा नकाशा उमटवणारं एक अॅप आहे, त्यातूनच काढायचा. वरून मेसेज येतो, ‘फोटो त्वरित पाठवावेत’, आणि आमचे मुख्याध्यापक स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणतात, “मॅडम, फोटो राहिला.” इतक्या वर्षांत “मॅडम, शिकवायचं राहिलं” असं म्हणत ते एकदाही दारात आलेले नाहीत.

मी विक्रोळीतल्या एका मराठी शाळेत सातवीला शिकवते. याच भागात वाढले, याच भागातल्या बाकांवर बसून शिकले. आता वर्गातले मागचे बाक रिकामे पडत चाललेत, आणि पट टिकवायला शाळा कुणाच्याही पाया पडायला तयार असते. त्यामुळे एका ट्रस्टने आम्हाला सातवीसाठी टॅब देऊ केले तेव्हा सरांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. अट एकच होती. टॅब वाटण्याआधी मुलांना ‘तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर’ शिकवायचा. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण स्टाफरूममध्ये मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ बघणाऱ्यांवर मीच ओरडते.

ट्रस्टने एक रंगीत पुस्तिका पाठवली होती. कुठल्या तरी परक्या देशातली असावी, कुणी तरी घाईत मराठीत आणलेली. पहिल्याच पानावर सूचना होती की संगणक वापरताना आपल्या खोलीचा दरवाजा उघडा ठेवावा. एक मुलगा म्हणाला, “बाई, आमच्या खोलीचा दरवाजा उघडाच असतो. बंद केला तर आजी बाहेर राहील.” वर्ग खदखदून हसला. मी पुस्तिका मिटली आणि विचारलं, फोनमुळे तुम्हाला कधी वाईट वाटलंय का?

हात वर झाले ते खाली येईनात. एकाचा कॉलेजातला मामेभाऊ त्याच्या पडण्याचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना दाखवत फिरला होता. एकीचा इंजेक्शन घेताना रडतानाचा फोटो मावशीने स्टेटसला ठेवला होता, खाली हसण्याची चिन्हं. एकाला आंघोळ करून टॉवेलवर बाहेर येताना काकाने टिपलं होतं. त्यांचे फोटो सगळे मोठ्यांनीच काढले होते. काढणाऱ्यांत त्यांच्या वयाचं कुणी नव्हतंच, कारण त्यांच्याकडे फोनच नव्हते. ज्यांना जबाबदारी शिकवायची ते सगळे माझ्यासमोर बसले होते आणि ज्यांना शिकवायला हवी ते सगळे घरी होते.

मग आम्ही वर्गात एक नियम बनवला. फोटो काढायच्या आधी विचारायचं. उत्तर येईपर्यंत थांबायचं. ‘नको’ म्हटलं तर फोन खाली घ्यायचा, ‘का’ असं विचारायचं नाही. न विचारता कुणी काढलाच, तर तो काढून टाकायला सांगायचं. हे आम्ही रोज थोडं थोडं खेळून घोटवलं. कंपासपेटीचा फोन करून एकाने दुसऱ्यासमोर जायचं आणि विचारायचं. पोरांना ‘नको’ म्हणण्यात इतकी मजा येऊ लागली की सुरुवातीला कुणी ‘हो’ म्हणेचना. घरीही ते नियम घेऊन गेले. एका मुलाने सत्यनारायणाच्या पूजेत आपल्या मालवणच्या मामाला अडवलं, “मामा, आधी विचार ना.” मामा म्हणाला, “माका शिकवतंस काय रे?” आणि एक टपली मारली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा ही गोष्ट अशा थाटात सांगत होता की टपली म्हणजे बक्षीसच.

या वर्गात माहुलची एक मुलगी होती. आईवडील कोळी. बापाच्या जाळ्यात आता पहिल्यासारखं काही लागत नाही. खाडीत तेलकट पाणी, वर कारखान्यांचा वास. तिची आई विक्रोळीच्या बाजारात मासे विकायला बसते. सकाळी आईबरोबर टेम्पोतून येणार, शाळा सुटली की आईच्या पाटीपाशी जाणार, दोघी मिळून घरी परतणार. म्हणून माहुलची पोर आमच्या शाळेत. बोलायला फटकळ, गणितात पक्की, आणि कुठली गोष्ट अर्धी पटली तर उरलेली अर्धी पटेपर्यंत पिच्छा न सोडणारी.

तिने विचारलं, “बाई, मोठ्या माणसांना पण ‘नको’ म्हणायचं?”

म्हटलं, “म्हणायचं.”

“सरांना पण?”

वर्ग पुन्हा हसला. मी म्हटलं, “सरांना पण.”

टॅबवाटपाचा कार्यक्रम हॉलमध्ये झाला. मागे ट्रस्टचा बॅनर, बॅनरवर ट्रस्टच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘गरजू विद्यार्थ्यांना टॅब वाटप’. गरजू हा शब्द पाहूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरांना म्हटलं, निदान तेवढा शब्द झाका. ते म्हणाले, “मॅडम, छापून आलंय.” छापून आलं म्हणजे विषय संपला, असा त्यांचा स्वर होता.

असे कार्यक्रम ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. मूल पुढे येतं. पाहुणे वस्तू देतात, पण सोडत नाहीत. वस्तूचं एक टोक पाहुण्याच्या हातात, दुसरं मुलाच्या, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायचं. फोटो निघेपर्यंत तसंच थिजून राहायचं. मग पाहुणे हात सोडतात. आमच्याकडे देण्याची रीतच ही झाली आहे, आणि गोम अशी की ती कुणाला विचित्रही वाटत नाही. पोरं एकामागून एक जात होती, थिजत होती, परत येत होती. नियम त्यांना आठवत होता, हे मला त्यांच्या तोंडांवरून दिसत होतं. पण नवा कोरा टॅब समोर होता, आणि सातवीतल्या पोराकडून आणखी काय अपेक्षा करणार.

माहुलच्या मुलीची पाळी आली. तिने टॅबला हात लावला, मग कॅमेरा धरलेल्या माणसाकडे बघून स्पष्ट म्हणाली, “फोटो नको.”

तो माणूस हसला. पाहुणेही हसले. “अगं, लाजतेस काय? हस बघू.”

“लाजत नाही. फोटो नको.”

सर पुढे आले आणि तिच्या खांद्याला धरून तिला कॅमेऱ्याकडे वळवलं. तिने टॅब उचलून तोंडासमोर धरला. कॅमेरेवाल्याने दोनचार फोटो काढले, ते स्क्रीनवर बघितले आणि मान हलवली. टॅबची पाठ आणि दोन वेण्या, एवढंच आलं होतं. मग माझ्या डोळ्यांदेखत सरांनी तिच्या हातातून टॅब काढून घेतला. “जागेवर जा. नंतर बघू.”

मी उठून पुढे गेले. सर हळू आवाजात म्हणाले, “आता नको मॅडम. पाहुणे आहेत.” मी म्हटलं, पाहुणे आहेत म्हणूनच आता. पण तोवर पुढचं मूल पुढे आलं होतं, आणि माझ्या आवाजाने ते रडवेलं झालं, म्हणून मी जागेवर परत आले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पाहुणे गेल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन तोंडाचा पट्टा सोडला. आम्ही जे शिकवलं ते तिने केलं. सगळ्या शाळेत एकीनेच केलं. तुम्ही तिला शिक्षा कशाची देताय?

सर वाईट माणूस नाहीत. हे लिहितानाही मला राग येतो, कारण वाईट असते तर सोपं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “शिक्षा कुठली? ट्रस्टला प्रत्येक टॅबचा पुरावा लागतो. एक फोटो मॅडम. काय जातंय तिचं?”

“तेच तर तिने ठरवायचं होतं.”

“लहान आहे ती.”

“मग अभ्यासक्रम कुणासाठी होता?”

त्यांनी टॅब कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलीची आई आली. बाजारातून उठून तशीच आली होती. हाताला बर्फाचा गारठा, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात सोन्याची माळ. ती गरजू नव्हती हे बॅनर छापणाऱ्याला दिसलं असतं, जर त्याने पोरांकडे एकदा तरी पाहिलं असतं. मी तयारी केली होती की ही पोरीची चूक पदरात घ्या म्हणेल, फोटो काढा पण टॅब द्या म्हणेल. बहुतेक आया तेच म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

“बाई,” ती म्हणाली, “माजे पोरीनं काय चोरी केली काय?”

मी म्हटलं, नाही.

“मी बाजारान म्हावरा घेऊन बसतंय. कुठली कुठली माणसा येतान. माजा फोटू काढतान, व्हिडिओ काढतान, म्हावरा नाय घेत, निघून जातान. मना एकानं कवा इचारला नाय. मना वाटायचा, असाच असतंय. ही घरा येऊन बोलली, आये, इचारायला लागतंय. मी परवा एकाला बोलले, ए, आधी इचार. तो पाकीट खाली पडल्यासारखा बघत राहिला.” ती हसली, मग लगेच थांबली. “आता तुमी मना एवढाच सांगा. तुमी शिकवला तो खरा हाय का नुसता शाळेपुरता? शाळेपुरता असंल तर तसा पोरीला सांगा. मी सांगणार नाय.”

मी तिला शब्द दिला. तुझ्या मुलीला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुणी काढणार नाही. टॅबही मिळेल. ती म्हणाली, “टॅबचा नाय काय. पयला सांगितला ता बघा.”

मी सरांकडे पुन्हा गेले. टॅबच्या नंबराची पावती करा, आईची सही घ्या, ट्रस्टला माझ्या नावाने कळवा. सर पेन फिरवत म्हणाले, “बरं. बघतो काहीतरी. फोटोचं तुम्ही डोक्यातून काढा.” माझा जीव भांड्यात पडला. मी मुलीला सांगितलं की सर बघतायत, थोडा धीर धर.

पुढच्या आठवड्यात मला घाटकोपरला एका प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता मुलांची ऑनलाइन सुरक्षितता. गेल्या गेल्या आम्हा सगळ्या शिक्षकांना बॅनरखाली उभं करून फोटो काढला. कुणी विचारलं नाही, आणि सवयीने आम्ही सगळे हसलोही. दुपारच्या चहाला मी फोन उघडला, तर शाळेच्या ग्रुपवर सरांनी टाकलेला फोटो.

माहुलची मुलगी बाकावर बसली होती. मांडीवर टॅब. मान खाली, एक वेणी पुढे आलेली, आणि तोंडावर हसू. कॅमेऱ्यासाठी आणलेलं हसू वेगळं दिसतं. हे तसं नव्हतं. ती टॅबवर काहीतरी बघून खुशीत हसत होती. फोटोच्या कडेला खिडकीचा गज अर्धा आला होता. खाली तारीख, वेळ, नकाशा. आणि त्याखाली सरांनी लिहिलं होतं, ‘टॅब मिळाल्याने आनंदित झालेली आमची गरजू विद्यार्थिनी’. खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग. माझ्या बाजूला बसून चहा पिणारी शिक्षिका म्हणाली, “गोड आलाय ना फोटो?” मला वाटलं तो कप भिंतीवर फेकावा.

तिथूनच सरांना फोन लावला. ते खूश होते. “पाहिलात ना? टॅब दिला तिला. फोटोपण झाला. ट्रस्टला गेला, त्यांनी त्यांच्या पानावरही टाकला.”

“तुम्ही तिला विचारलंत?”

“अहो, विचारायचा प्रश्नच कुठे आला? तिला कळलंसुद्धा नाही. म्हणून तर इतका नॅचरल आलाय.”

मी फोन ठेवून दिला. पुढचं सत्र पासवर्ड कसा ठेवावा यावर होतं. मी त्यातला एक शब्दही ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पाऊल ठेवते न ठेवते तोच ती जिन्यावरून धावत आली. टॅब छातीशी धरलेला. “बाई, सरांनी दिला! फोटो न काढता दिला! मी आयेला बोलले, बाई बोलल्या होत्या ना, तसंच झालं. आये बोलली, बाईंना बोंबील देऊन ये.” आणि दप्तरातून खरंच वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सुक्या बोंबलांची पुडी काढली.

तिच्या हसण्याकडे बघवेना. क्षणभर वाटलं, राहू दे. तिला कुठे कळणार आहे? मग माझं मलाच जाणवलं की सरांचं वाक्य मी मनात जसंच्या तसं म्हणतेय, आणि मला स्वतःची शिसारी आली. मी तिला जिन्याच्या कठड्यापाशी नेलं आणि सांगितलं की फोटो काढलाय.

“कधी?”

“काल. खिडकीतून. तू टॅब बघत होतीस तेव्हा.”

मी फोनवर तिला तो दाखवला. तिने स्वतःला बराच वेळ बघितलं. ‘गरजू’वर तिचं बोट थांबलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण तिचे कान लाल झाले आणि ओठ आत ओढले गेले, बस. बाजारात भाव पाडून मागणाऱ्याकडे तिची आई अशीच बघत असेल.

“सर मला बोलले होते, घे बाळा, झालं गेलं विसर.” मग म्हणाली, “हा काढून टाकायला सांगता येतो ना? तुम्हीच बोलला होता.”

“सांगता येतं.”

“मग चला.”

मी तिच्या मागे गेले. केबिनचं दार तिने वाजवलं, आत जाऊ का विचारलं, आणि सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. “सर, तुम्ही माझा फोटो काढला. मी हो बोलले नव्हते. तो काढून टाका.”

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. चहाडी करणाऱ्याकडे बघावं तसं. मग तिच्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, “अगं, किती छान आलीयस तू. सगळ्यांनी कौतुक केलं. आईला दाखव, खूश होईल.”

“काढून टाका ना, सर.”

“आता तो माझ्या एकट्याकडे नाही राहिला बाळा. ट्रस्टकडे गेला, त्यांनी पुढे पाठवला. आता कुठून कुठून काढणार? आणि त्यात वाईट काय आहे? चांगलाच आहे.”

तिचे डोळे त्यांच्यावरच होते. मग तिने टॅब सरांच्या टेबलावर ठेवला, चार्जरची वायर दप्तरातून काढून त्यावर नीट गुंडाळून ठेवली, आणि म्हणाली, “मग हा पण नको.”

सर गडबडले. खरोखर गडबडले. क्षणभर मला वाटलं आता यांना कळेल. ते काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडतात, टॅबकडे बघतात, तिच्याकडे बघतात; आणि मग त्यांचा हात, त्यांच्याही नकळत बहुतेक, खिशात जातो.

“थांब, थांब,” ते म्हणाले. “परत दिल्याचा एक फोटो लागेल. टॅबला हात लावून उभी राहा.”

त्यांनी फोन वर धरला होता. मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. मी मुलीच्या आणि फोनच्या मध्ये गेले, टेबलावरचा पेनाचा पेला माझ्या कोपराने पडला, आणि मी ओरडले, इतक्या जोरात की बाहेर प्रार्थनेसाठी रांगेत लागलेली पोरं गप्प झाली. तेवढ्यात फोटो निघाला.

तो फोटो शाळेच्या रेकॉर्डमध्ये आहे. त्यात ती कुठेही नाही, तिच्या वेणीचं टोकसुद्धा नाही. पूर्ण चौकटभर माझी पिवळी साडी आणि माझं तोंड आहे, वाकडं, ओरडताना उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या. खाली तारीख, वेळ आणि नकाशा. सर नंतर एकदा म्हणाले, तुमची हरकत असेल तर डिलीट करतो. मी म्हटलं, राहू द्या. ट्रस्टला पाठवा.